आक्काचा बारा खळग्यांचा खेळ

त्या बुधवारी मी निपाणीच्या स्टँडवर बेळगावच्या गाडीची वाट बघत उभी होते. शाळेतून रिटायर झाल्यापासून बुधवार हा माझा आक्काचा वार. पिशवीत तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी होती आणि दाजींसाठी चार भाकऱ्या. दाजी म्हणजे आक्काचे यजमान. आमच्याकडे मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला दाजीच म्हणतात. दर बुधवारी साडेनऊच्या सुमाराला त्यांचा फोन यायचा आणि त्यातलं बोलणंही ठरलेलं असायचं. निघालीस का, लौकर नीघ, ती कवाधरनं दाराकडं बघत बसलीया. त्या दिवशीही फोन आला. मी म्हटलं, स्टँडवर आहे, गाडी लागलीच आहे. पलीकडून दाजी म्हणाले, "सावकाश ये. आता घाई न्हाय."

मी फोन पिशवीत टाकला. गाडीत चढले, खिडकीजवळ बसले, तिकीट काढलं. संकेश्वर आलं आणि गेलं. शेजारच्या बाईंनी मला पाणी दिलं, तेव्हा कळलं की मी रडते आहे. बेळगावातल्या वडगावच्या घरी पोहोचले तर आक्काला मधल्या खोलीत ठेवलं होतं. सकाळी चहा घेऊन ती पुन्हा जरा आडवी झाली होती, दाजी उठवायला गेले तर उठलीच नाही, एवढंच. चेहरा रागावल्यासारखा दिसत होता. पिशवी कुठं ठेवावी ते मला सुचेना. ती हातात धरूनच मी तिच्या उशाशी बसले.

आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. नाव कमल, पण मला आठवतं तेव्हापासून ती आक्काच. वडील निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होते. ते घरी आले की कपड्यांना तो उग्र वास असायचा, आणि आम्ही दोघी नाक दाबून हसायचो. आक्काचे हात फार सुंदर होते. सुंदर म्हणजे गोरे, नाजूक असे नव्हेत, चपळ. ती गजगे खेळायची तेव्हा गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून बघत राहायच्या. पुण्याकडे ज्यांना सागरगोटे म्हणतात ते आमचे गजगे, राखी रंगाचे, गुळगुळीत, लहान पोरीच्या मुठीत पाच मावतील एवढे. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे उचलायचे आणि वरचाही झेलायचा. आक्का सात-सात उचलायची. मला कधी तीनच्या वर जमले नाहीत.

लग्न होऊन ती वडगावला गेली. सासरी दोन हातमाग, घरात दिवसभर खटखट. दाजींना मात्र हाताने विणण्यापेक्षा यंत्रात जास्त गोडी. आधी शहापुरात, मग इचलकरंजीला यंत्रमागाची दुरुस्ती शिकले आणि मागाचे जॉबर म्हणून नाव मिळवलं. त्या काळात नायजेरियात कापडाच्या गिरण्या जोरात चालल्या होत्या आणि आपल्याकडची जाणती माणसं तिकडे बोलावत. दाजींना लेगोसजवळच्या एका गिरणीत काम मिळालं. ते आधी गेले. वर्षभराने आक्का गेली, कडेवर दोन वर्षांची सुनीता. सुनी. मी तेव्हा नुकती कॉलेजात जायला लागले होते. बेळगावहून रेल्वेने मुंबई आणि तिथून विमान. स्टेशनपर्यंत आम्ही सगळे पोचवायला गेलो होतो. गाडी हलली तशी सुनीने खिडकीच्या गजातून माझं बोट धरलं आणि सोडेना. आक्कानेच ते सोडवलं. सुनीला मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

पत्रं यायची. इथं पाऊस लई. केळी मोठी मोठी. सुनी इथल्या पोरांत खेळून त्यांच्यासारखंच बोलती. मग एक पत्र आलं, ते दाजींच्या अक्षरात होतं. सुनीला ताप आला होता. चार दिवस. पाच वर्षांची होती. तिकडेच माती दिली.

पुढची हकिगत मला आक्काने फार नंतर सांगितली, तीही एकदम नाही. खेळता खेळता एखादं वाक्य, मग चार महिन्यांनी पुढचं. काही दाजींनी सांगितली. ती जोडून इथे लिहिते आहे.

सुनी गेल्यावर आक्का बोलायची थांबली. रुसल्यामुळे नव्हे, ठरवून नव्हे, शब्द येईचनात. स्वयंपाक करायची, दाजींना डबा द्यायची, आणि गिरणीच्या चाळीतल्या त्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसायची. दोन महिने असे गेले. शेजारी एक योरुबा बाई राहायची. नवरा गिरणीतच रंगखात्यात. तिच्या थोरल्या लेकाचं नाव बोला. तिकडे बाईला तिच्या नावाने हाक मारत नाहीत, लेकराच्या नावाने मारतात. इया म्हणजे आई. म्हणून ती इया बोला, आणि आक्का सगळ्या चाळीची इया सुनी. दाजी सांगत, घरात माझी बायको तोंडातनं शब्द काढत न्हाय आणि शेजारणीला हाक मारायची तर बोला, बोला म्हणायचं... मला ते नावच घ्यायला नको वाटायचं.

ही इया बोला रोज दुपारी यायची. काखेत एक लांबट लाकडी पट. सहा खळग्यांची एक ओळ, समोर सहाची दुसरी. आक्कासमोर तो ठेवून ती बसायची आणि एकटीच दोन्ही बाजूंनी खेळायची. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती, त्यामुळे समजावणं, धीर देणं हा प्रकारच नव्हता. एक डाव, दोन डाव, मग पट उचलून घरी. आक्का भिंतीकडे बघत बसलेली. कितीतरी दिवस असंच चाललं. एकदा इया बोलाच्या पाठीवर बांधलेल्या तान्ह्या पोरीने पाय झाडला, धक्का लागून पट कलंडला आणि सगळ्या बिया फरशीवर सांडल्या. एक घरंगळत आक्काच्या पायाशी आली. आक्काने ती उचलली. राखी, गुळगुळीत. तिने ती मुठीत धरली, बोटांनी फिरवली आणि म्हणाली, "गजगा."

दोन महिन्यांनी निघालेला तो पहिला शब्द.

इया बोलाला गजगा कळला नाही. तिने ती बी दाखवून आपला शब्द सांगितला, ओमो. आक्काने कळलं नाही म्हणून मान हलवली. तेव्हा इया बोलाने पाठीवरची तान्ही पुढे घेतली, तिच्या छातीवर हात ठेवला आणि पुन्हा म्हणाली, ओमो. तिकडे या खेळातल्या बियांना लेकरं म्हणतात. आक्काला ते कळलं, आणि सुनी गेल्यानंतर ती पहिल्यांदा रडली. दाजी गिरणीतून आले तेव्हा दोघी फरशीवर बसलेल्या होत्या, सगळीकडे गजगे पसरलेले, आणि तान्ही पोर आक्काच्या मांडीवर झोपलेली.

त्या खेळाचं नाव आयो. पुढे आक्काने तो मला शिकवला, माझ्या मुलींना शिकवला, गल्लीतल्या कितीतरी पोरींना शिकवला, म्हणून तो कसा खेळतात ते सांगते. निदान कागदावर तरी तो तिच्या नावाने राहील. प्रत्येक खळग्यात चार बिया, बारा खळग्यांत मिळून अठ्ठेचाळीस. आपली ओळ आपली, समोरची समोरच्याची. आपल्या कुठल्याही एका खळग्यातल्या सगळ्या बिया उचलायच्या आणि पुढच्या खळग्यांत एकेक टाकत उजवीकडे जायचं. आपली ओळ संपली की वळून समोरच्या ओळीत. जणू पेरणी. शेवटची बी समोरच्याच्या खळग्यात पडली आणि तिथं दोन किंवा तीन बिया झाल्या, तर त्या आपण काढून घ्यायच्या. त्याच्या मागच्या खळग्यातही दोन-तीनच असतील तर त्याही. ज्याच्याकडे जास्त जमतील तो जिंकला. एवढं सोपं. अवघड आहे ते पुढचं बघणं. आक्का उचलण्याआधी कधी मोजायची नाही. खळग्यात बोटं घालून नुसतं चाचपायची, आणि शेवटची बी कुठं पडणार हे तिला कळलेलं असायचं.

आणखी एक नियम आहे. समोरच्याची ओळ पूर्ण रिकामी झाली, तर आपल्याला अशीच खेळी करावी लागते की त्याच्याकडे बी जाईल. तशी खेळी असताना ती टाळून आपल्याच ओळीत फिरत राहायचं नाही. मी हा नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा म्हटलं, हा कसला खेळ, जिंकत आलेल्यानं परत का द्यायचं? आक्का म्हणाली, मग खेळणार कुणाबरोबर?

सुनीनंतर ती तिकडे आणखी दोन वर्षं राहिली. करार तेवढा होता. निघायच्या दिवशी इया बोलाने तो पट तिला दिला. इया बोलाला तिच्या वडिलांनी करून दिलेला पट होता तो, पण बाई ऐकेना. आक्का सांगायची की चाळीतल्या सगळ्या बाया फाटकापर्यंत आल्या आणि इया सुनी, इया सुनी म्हणून हाका मारत राहिल्या. तिकडे शेवटच्या दिवसापर्यंत तिला तेच नाव होतं. लेकरू गेलं म्हणून कुणी ते काढून घेतलं नाही. इथे आल्यावर मात्र सगळ्यांनी, अगदी मीसुद्धा, सुनीचं नाव घेणं बंद केलं. आम्हाला वाटायचं, कशाला आठवण काढायची, तिला त्रास होईल. आक्का मला एकदा म्हणाली होती, "हितं आल्यावर मी कुणाचीच आई न्हवते गं." मी तेव्हा उठून चहा करायला गेले.

वडगावच्या घरात तो पट बघून तिच्या सासूबाई म्हणाल्या, हा तर आपला अळगुळी मणे. त्यांचं माहेर बैलहोंगलकडचं, कानडी. त्यांच्या लहानपणीच्या पटाला एका बाजूला सात खळगे. आक्काचे सहा. एकेक खळगा सुताराने खाल्ला म्हणून त्या रोज बडबड करायच्या आणि रोज खेळायलाही बसायच्या, आपल्याच नियमांनी. दोघी दोन वेगळे नियम घेऊन एकाच पटावर खेळायच्या आणि दोघींनाही आपणच जिंकलो असं वाटायचं. दाजींनी हातमाग काढून दोन यंत्रमाग टाकले होते. त्यांच्या आवाजात या दोघींचं भांडण बाहेर ऐकू यायचं नाही, नुसते हात हललेले दिसायचे.

मूल पुन्हा झालं नाही. डॉक्टर झाले, देव झाले. मग ते बोलणंही थांबलं. आणि इथे मला ती गोष्ट सांगायला हवी जी मी चाळीस वर्षं कुणाला सांगितली नाही.

आक्का परत येऊन सहा-सात वर्षं झाली होती. माझं लग्न निपाणीतच झालं होतं, मराठी शाळेत नोकरी होती, दोन मुली. थोरली शुभा चार वर्षांची, धाकटी नीता दीड वर्षाची. आई माझ्याकडे राहायला आली होती आणि आक्का-दाजी तिला भेटायला म्हणून आले होते. दुपारची वेळ. आक्का सोप्यात शुभाबरोबर आयो खेळत होती. लाकडात बी पडल्याचा टक टक आवाज आत येत होता. आई स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसली होती. तिने पदराने तोंड पुसलं आणि मला सरळच म्हणाली की धाकटी आक्काला दे. तुला अजून होतील. तिचं घर रिकामं आहे. बहिणीचंच लेकरू, परकं का जातंय?

नीता माझ्या मांडीवर होती. मी पोळी लाटायची थांबले नाही. मी म्हटलं, "मी देणार न्हाय. माझं लेकरू मी कुणाला देणार न्हाय, आक्कालाबी न्हाय."

हळू म्हटलं नाही. सोप्यातला टक टक आवाज थांबला. मग एक बी पडली. मग दुसरी.

आक्का त्या दिवशी जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली आणि दोघं चारच्या गाडीने गेले. जाताना तिने नीताला उचलून घेतलं नाही, फक्त तिच्या केसांवरून हात फिरवला. मी दारात उभी होते. पळत जाऊन तिला थांबवावं असं वाटलं आणि थांबवून काय सांगणार होते... मुलगी देते म्हणून सांगणार नव्हते. तेवढं माझ्याकडून होणार नव्हतं.

त्यानंतर आम्ही त्यावर कधीही बोललो नाही. ती येत राहिली, मी जात राहिले. दर मे महिन्यात माझ्या दोन्ही मुली वडगावला जायच्या. नीताचा आक्कावर फार जीव. ती परत येताना रडायची आणि ते रडणं मला सुईसारखं टोचायचं. आक्का तिला नवीन फ्रॉक शिवायची, वेणी घालायची, पट समोर मांडून हरू द्यायची आणि हरवायचीही. माझ्याशी वागण्यात तिच्या कणाएवढाही फरक नव्हता. त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. रागावली असती, एकदा तरी टोमणा मारला असता, तर मी पाया पडले असते. तिने ती संधी दिली नाही, असं मी स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे मीच कधी विषय काढला नाही.

शेवटची पाच-सहा वर्षं तिला कंपवात झाला. ते हात, सात गजगे उचलणारे, चहाचा कप धरेनात. सुरुवातीला ती बिया पेरायला जायची आणि दोन एकाच खळग्यात पडायच्या, एखादी बाहेर. ती हसायची, म्हणायची, पेरा वाकडा झाला. नंतर हसायची नाही. मग आम्ही असं ठरवलं की ती नुसतं बोटाने खळगा दाखवील आणि तिच्या वतीने मी टाकीन. दोन्ही बाजू मीच खेळायची आणि तरी मी हरायची, कारण डोकं तिचं होतं. बोट थरथरत दोन खळग्यांच्या मध्ये फिरायचं. मी विचारायची, हा का हा? ती डोळ्यांनी सांगायची.

शेवटच्या बुधवारी आम्ही मागच्या खोलीत बसलो होतो. माग विकून कितीतरी वर्षं झाली, तरी त्या खोलीला सगळे मागाची खोलीच म्हणतात. डाव संपत आला होता आणि माझ्या ओळीत एकही बी उरली नव्हती. आक्काकडे थोड्या होत्या. ती बराच वेळ पटाकडे बघत होती. औषधाने तिला ग्लानी यायची, म्हणून मी म्हटलं, राहू दे, तू जिंकलीस. तिने मान हलवली. "तुझ्याकडं काय न्हाय बघ," म्हणाली, "मला द्यायला पायजे." आणि माझा हात बाजूला करून तिने स्वतः बिया उचलल्या. चार होत्या. एकेक टाकायला किती वेळ लागला... एक माझ्या साडीत पडली, ती मी उचलून दिली. शेवटच्या दोन माझ्या ओळीत आल्या. मग ती दमून तक्क्याला टेकली. डाव आम्ही पुरा केला नाही. पुढच्या बुधवारी करू म्हटलं.

बाराव्या दिवसाचं सगळं उरकलं. पाहुणे गेले. शुभा आणि नीता दोघी आल्या होत्या. नीता तर पहिल्या दिवसापासून हलली नव्हती, तिने मुलीसारखं सगळं केलं. तिला तसं वावरताना बघून माझ्या मनातलं ते जुनं फार वर आलं. दुपारी त्या दोघी बाजारात गेल्या आणि घरात मी आणि दाजी उरलो. दाजी आता ऐंशीचे आहेत, कमी ऐकू येतं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सांगून टाकलं. त्या दिवशी आईने काय विचारलं, मी काय म्हटलं, आक्काने ते ऐकलं होतं, ती जेवली नव्हती. मी म्हटलं, दाजी, मी तिला एक लेकरू दिलं न्हाय. माझ्याकडं दोन होती.

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. म्हणाले, आईनं आधी मलाच विचारलं होतं, आणि मी घरी येऊन तिला सांगितलं होतं. तवापासनं दोन दिवस ती जेवली न्हवती. मला वाटलं, आस लागून र्‍हायलीया. निपाणीला आलो ते तिला काय ते कळावं म्हणूनच. मग सावकाश म्हणाले, "तू न्हाय म्हणालीस त्या सांजेला घरी येऊन ती पोटभर जेवली, मालू. मला म्हणाली, सुटले. मालू व्हय म्हणाली असती तर मी काय केलं असतं? सुनीच्या जागंवर मला कुणी बसवायला नको होतं."

मी विचारलं, मग तिने मला हे कधी सांगितलं का नाही?

ते म्हणाले, तुला कसं सांगायचं? तुझी पोर नको होती असं बहिणीला सांगत्यात व्हय? तुला वाईट वाटंल म्हणून ती गप बसली.

हे ऐकून माझ्या मनावरचं ओझं उतरलं असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. चाळीस वर्षं मी तिच्यासमोर बसून बिया टाकल्या आणि मला वाटत राहिलं की मी हिची अपराधी आहे. तिला वाटत राहिलं की आपण हे बोललो तर मालू दुखावेल. दोघींच्या मधे फक्त तो पट होता, हात लांब केला तर एकमेकींना लागेल एवढं अंतर. एक वाक्य कुणीतरी बोलायला हवं होतं. ती तर एकदा शब्दच गमावून बसलेली बाई, तिच्याकडून मी का अपेक्षा करावी? मी शाळामास्तरीण. जन्मभर बोलण्याचाच पगार घेतला. मला बोलता आलं असतं.

थोड्या वेळाने मी दाजींना विचारलं, सुनी कशी होती? माझ्या आयुष्यात हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारत होते. दाजी एकदम माझ्याकडे वळले. मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही, म्हणून मी मोठ्याने पुन्हा विचारलं. पण ऐकू आलं होतं. हा प्रश्न त्यांनाही कुणी विचारला नव्हता, एवढंच.

मग ते बोलत राहिले. सुनी डावखुरी होती. तिला केळ्याची भाजी आवडायची नाही. ती इया बोलाला मावशी म्हणायची आणि इया बोला मावशी म्हणजे काय हे कळत नसताना ओ द्यायची. दाजी संध्याकाळी गिरणीतून घरी यायच्या वेळेला सुनी पलंगाखाली लपायची. पलंगावरची चादर जमिनीपर्यंत लोंबत असायची. दाजी आले की आक्का मोठ्याने म्हणायची, सुनी कुठं गेली गं बाई, आज दिसंना. मग सगळं घर शोधल्यासारखं करायची आणि शेवटी चादरीचा कोपरा उचलून खाली वाकायची. रोज. तापाने पडली त्याच्या आदल्या दिवसापर्यंत.

"हितं आल्यावर," दाजी म्हणाले, "सकाळी हातरूण आवरताना ती चादर झटकायची, नीट घालायची, आणि कोपरा उचलून एकदा खाली बघायची. मला वाटायचं, मांजर बघत असंल. लई वर्षांनी माझ्या ध्यानात आलं. मी काय बोललो न्हाय."

मी अजून बुधवारी वडगावला जाते. साडेनऊ वाजून गेले तरी फोन येत नाही, म्हणून आता मीच करते. दाजी एकटे राहतात. नीता त्यांना बंगळूरला चला म्हणते, ते जात नाहीत. पट मला घेऊन जा म्हणाले होते, मी नेला नाही. आम्ही चहा पितो, थोडं सुनीचं बोलतो, थोडं आक्काचं. परवा मी जरा लवकर पोहोचले. दार उघडंच होतं. दाजी मधल्या खोलीत अंथरूण आवरत होते. त्यांना माझी चाहूल लागली नाही. त्यांनी चादर झटकली, चारी बाजूंनी सारखी केली, सुरकुत्या काढल्या. मग पलंगाला धरून, गुडघ्यावर हात ठेवून, ते हळूहळू वाकले, चादरीचा कोपरा उचलला आणि खाली बघितलं.

मी अंगणात जाऊन उभी राहिले, आणि थोड्या वेळाने बाहेरून हाक मारली.